आधी वंशावळ, मग चाचणी: आनुवंशिकतेत पहिलं पाऊल टाकणाऱ्यांसाठी

लाळेचा नमुना नळीत भरून पाठवला की काही आठवड्यांत जनुकांचा अहवाल हातात पडतो. त्यामुळे अनेकांची आनुवंशिकतेशी ओळख आता थेट अहवालापासूनच सुरू होते. हा क्रम उलटा आहे, असं माझं ठाम मत आहे. आधी कोरा कागद, पेन्सिल आणि घरातली जुनी माणसं. चाचणी त्यानंतर, आणि तीही गरज असली तरच. तुमच्या डीएनएत काय लिहिलंय ते प्रयोगशाळा वाचू शकते. पण आत्याला काय झालं, आजोबा कशाने गेले, मामेभाऊ ठणठणीत कसा राहिला, हे तिला ठाऊक नसतं. ते तुम्हीच सांगायचं असतं, आणि अहवालाचा अर्थ लावताना सगळं त्यावरच येऊन थांबतं.

सुरुवातीला लागेल तेवढंच

जवळपास प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतलं एक गुणसूत्र आईकडून आलेलं, एक वडिलांकडून. एकूण ४६ हा आकडा आज शाळेतल्या मुलांनाही पाठ असतो, पण तो पक्का झाला १९५६ मध्ये. त्याआधी सुमारे तीस वर्षं ४८ असंच शिकवलं जात होतं. या गुणसूत्रांवर ए, टी, जी, सी या चार रासायनिक अक्षरांची सुमारे ३ अब्ज अक्षरी रांग आहे. तिलाच जीनोम म्हणतात. त्यात प्रथिनं कशी बनवायची ते सांगणारी जनुकं साधारण २०,००० आहेत आणि त्यांचा मजकूर पूर्ण रांगेच्या एक-दोन टक्केच भरतो. १९९० मध्ये सुरू झालेला मानवी जीनोम प्रकल्प २००३ मध्ये पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. तरी सुमारे ८ टक्के भाग वाचायचा राहिला होता, तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला.

एक गोष्ट इथेच मनात पक्की करा. कोणाचाही जीनोम वाचून प्रमाण जीनोमशी, म्हणजे तुलनेसाठी ठरवलेल्या नमुना-जीनोमशी, ताडून पाहिला, तर ४० ते ५० लाख ठिकाणी फरक निघतो. म्हणजे ‘बदल सापडला’ ही बातमीच नव्हे. तो बदल काही करतो का, एवढाच प्रश्न असतो.

पायरी १: कागद आडवा धरा

किमान तीन पिढ्या हव्यात: आजी-आजोबा, त्यांची सगळी मुलं, आणि तुमची पिढी. पुढची पिढी असेल तर चौथी ओळ. पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ, लिंग माहीत नसेल तर हिऱ्याचा आकार. जोडप्याला आडव्या रेषेने जोडायचं, तिच्यातून खाली उभी रेषा काढून मुलं जन्माच्या क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडायची. आजार झालेल्याचं चिन्ह भरून काळं करायचं, मृत व्यक्तीच्या चिन्हावर तिरकी रेघ मारायची. नवरा-बायको रक्ताच्या नात्यातले असतील तर त्यांच्यामधली रेषा दुहेरी. जुळ्यांच्या रेषा एकाच बिंदूतून निघतात, आणि जुळी एकसारखी असतील तर त्या दोन रेषा मध्ये एका आडव्या रेघेने जोडतात. गर्भपातासाठी लहान त्रिकोण. दत्तक मूल चौकटी कंसात. ज्याच्यासाठी ही वंशावळ काढली जातेय त्याच्याकडे बाण. ही चिन्हं १९९५ मध्ये प्रमाणित झाली, त्यामुळे नीट काढलेला कागद कुठल्याही देशातल्या जनुकीय समुपदेशकाला बसल्या जागी वाचता येतो.

नवशिक्यांकडून सर्रास राहून जातात ती निरोगी माणसं. ‘त्या काकाला काही झालं नाही, मग कशाला लिहायचा?’ असं वाटतं. पण सहा भावंडांपैकी एकाला आजार असणं आणि दोघांपैकी एकाला असणं, यांत फार मोठा फरक आहे. ऐंशी वर्षं धडधाकट जगलेल्या माणसाची नोंदही पुरावाच असतो.

पायरी २: विचारायचं कसं

‘आपल्याकडे काही आनुवंशिक आजार आहे का?’ असं विचारलंत तर उत्तर ‘नाही’ येणार, हे धरूनच चाला. हा प्रश्नच चुकीचा आहे. एकेका माणसाचं नाव घेऊन विचारा: कशाने गेले? किती वर्षांचे होते? त्रास कधी सुरू झाला? ऑपरेशन कशाचं झालं होतं? रक्त चढवावं लागायचं का?

वय सगळ्यात महत्त्वाचं. हृदयविकाराचा झटका ७८व्या वर्षी आला तर त्यातून आनुवंशिकतेबद्दल फारसं काही कळत नाही, ३८व्या वर्षी आला तर पुष्कळ कळतं. कॅन्सर पन्नाशीच्या आत झाला का, एकाच व्यक्तीला दोन वेगवेगळ्या अवयवांत झाला का, पुरुषाला स्तनाचा कॅन्सर झाला का, हे मुद्दाम विचारा. तान्हेपणी दगावलेली मुलं, एकापाठोपाठ झालेले गर्भपात, लहानपणापासूनचा बहिरेपणा, रात्री न दिसणं, तरुणपणीचा अचानक मृत्यू, यांचा विषय सहसा कोणी आपणहून काढत नाही. आणखी एक प्रश्न फार थोडे लोक विचारतात: भूल दिल्यावर कोणाचा ताप एकदम चढून जिवावर बेतलं होतं का? काही भुलीच्या औषधांनी असा घातक ताप येण्याची प्रवृत्ती कुटुंबात चालत येते आणि ती आधी माहीत असेल तर भूलतज्ज्ञ दुसरी औषधं वापरतात. या एका उत्तराने घरातल्या पुढच्या ऑपरेशनमध्ये जीव वाचू शकतो.

जुन्या माणसांच्या बोलण्यातला ‘पोटाचा कॅन्सर’ जठराचा असू शकतो, आतड्याचा, यकृताचा किंवा अंडाशयाचाही. आनुवंशिकतेच्या दृष्टीने हे चार वेगळे आजार आहेत. जुने रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, मृत्यूचा दाखला, जे मिळेल ते पाहा. काहीच मिळालं नाही तर ‘पोटाचा, अवयव माहीत नाही’ असंच लिहा, अंदाज बांधू नका. प्रत्येक नोंदीपुढे ती कोणी सांगितली तेही लिहा.

आणि हे प्रश्न चारचौघांत विचारू नका. दत्तक मूल, आत्महत्या, पहिल्या लग्नातलं अपत्य, असं काहीही यातून निघू शकतं. एकेकाशी निवांत बोला आणि ‘हे कागदावर लिहू का?’ असं विचारून मगच लिहा.

पायरी ३: कागद वाचायला शिका

ही सगळ्यात रंगतदार पायरी, आणि हिला वेळ द्यायलाच हवा. आजार कागदावर कुठल्या दिशेने पसरलाय ते पाहायचं.

प्रत्येक पिढीत कोणी ना कोणी आजारी, स्त्रिया-पुरुष सारखेच, आणि आजारी व्यक्तीच्या साधारण निम्म्या मुलांना तोच आजार, असं दिसलं तर वारसा प्रभावी असण्याची शक्यता मोठी. जनुकाच्या दोन प्रतींपैकी (एक आईची, एक वडिलांची) एकच बिघडली तरी पुरते. मेंदूच्या पेशी हळूहळू नष्ट करणारा हंटिंग्टन आजार हे याचं सगळ्यांत स्पष्ट उदाहरण. चौथ्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात ‘सीएजी’ ही तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. २६ वेळांपर्यंत काही अडचण नसते, ३६ ते ३९ असतील तर आजार होईल किंवा होणारही नाही, ४० किंवा त्याहून जास्त असतील तर पुरेसं आयुष्य लाभल्यास आजार होतोच. त्याची लक्षणं बहुधा तिशी ते पन्नाशीत दिसू लागतात. त्यामुळे एखादी व्यक्ती त्याआधीच अपघाताने गेली असेल, तर कागदावर ती पिढी ‘सुटल्यासारखी’ दिसते. खरं तर ती सुटलेली नसते.

आई-वडील निरोगी, वरच्या पिढ्याही निरोगी, आणि एकाच ओळीत दोन भावंडं आजारी, असं चित्र दिसलं तर अप्रभावी वारशाचा विचार करायचा. थॅलेसेमिया आणि सिकल सेल हे रक्ताचे आजार या गटातले. इथे दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात आणि आई-वडील दोघंही वाहक असतात, म्हणजे एक प्रत बिघडलेली पण स्वतः निरोगी. दर गर्भारपणात आजाराची शक्यता २५ टक्के. ‘पहिलं मूल आजारी झालं, आता पुढची तीन सुखरूप’ हा समज साफ चुकीचा आहे, नाणं दरवेळी नव्याने उडतं.

मग आजारी मुलाची निरोगी बहीण वाहक असण्याची शक्यता किती? बहुतेक जण ५० टक्के म्हणतात. नीट पाहा. शक्यता चार: दोन्ही प्रती चांगल्या, आईकडची बिघडलेली, वडिलांकडची बिघडलेली, दोन्ही बिघडलेल्या. बहीण निरोगी आहे, म्हणजे चौथी शक्यता बाद. उरलेल्या तिनांपैकी दोन वाहकाच्या. उत्तर दोन-तृतीयांश. जोडप्याने मूल होऊ देण्याआधी रक्त का तपासून घ्यावं, ते या एका हिशेबातून कळतं. नात्यातल्या लग्नाचा प्रश्नही इथलाच. सख्ख्या भावंडांच्या मुलांमध्ये सरासरी आठवा हिस्सा डीएनए समान असतो, त्यामुळे एकच बिघडलेली प्रत दोघांकडे असण्याची शक्यता वाढते.

तिसरी दिशा तिरकी असते. आजोबा, मग त्यांच्या मुलीचा मुलगा, मध्ये निरोगी आई. रंगांधळेपणा आणि हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आजार) असे चालतात, कारण त्यांची जनुकं एक्स गुणसूत्रावर आहेत. स्त्रीत एक्स दोन असतात, पुरुषात एक एक्स आणि एक वाय. वडील मुलाला वाय देतात, त्यामुळे बापाकडून मुलाकडे हा वारसा जात नाही. अशा आजोबांच्या सगळ्या मुली मात्र वाहक असतात. राणी व्हिक्टोरियाच्या वंशात हिमोफिलिया असाच मुलींमार्फत युरोपभरच्या राजघराण्यांत पोचला. २००९ मध्ये रशियाच्या झारच्या कुटुंबाच्या अवशेषांतला डीएनए तपासला गेला, तेव्हा तो हिमोफिलिया ‘बी’ प्रकारचा होता हे ठरलं.

पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियाचा स्वतःचा १६,५६९ अक्षरांचा छोटा डीएनए असतो. तो आईकडूनच येतो, मुलगे-मुली सगळ्यांना.

कोराच्या कोरा कागदही सर्व काही ठीक असल्याची हमी देत नाही. प्रत्येक बाळात आई-वडिलांत नसलेले साठ-सत्तर नवे बदल असतात. अकाँड्रोप्लेजिया या बुटकेपणाच्या प्रकारात सुमारे ८० टक्के मुलांचे आई-वडील नेहमीच्या उंचीचे असतात. अशा वेळी ‘कोणाच्या बाजूने आलं?’ हा घरातला वाद निरर्थक असतो, आणि तो तिथेच थांबवावा.

आता एक कागद जवळून पाहू. समजा, तुमच्या आत्याला ४१व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला. वडिलांच्या आईला ५२व्या वर्षी ‘पोटाचा’ कॅन्सर, आणि जुना कागद सापडल्यावर कळलं की तो अंडाशयाचा होता. वडील ठणठणीत. आईच्या बाजूला कोणालाच काही नाही. ‘स्तनाचा कॅन्सर आईकडून येतो, आणि आईकडे तर काहीच नाही’ असं म्हणून इथे बरेच लोक निर्धास्त होतात. पण ज्यांतल्या बिघाडाने स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, त्यांपैकी बीआरसीए१ हे जनुक १७व्या गुणसूत्रावर आहे, बीआरसीए२ हे १३व्या. ती दोन्ही वडिलांकडूनही तितकीच येतात. आजीकडे हानिकारक बदल असेल, तर तो वडिलांकडे येण्याची शक्यता ५० टक्के आणि तुमच्यापर्यंत पोचण्याची २५ टक्के. वडिलांच्या बाजूने चालत आलेला स्त्रियांचा आजार हमखास नजरेतून सुटतो. म्हणून कागदाची दोन्ही अंगं सारख्याच कसोशीने भरायची.

पायरी ४: गुण आणि गैरसमज

जीभ गुंडाळता येणं, कानाची पाळी चिकटलेली असणं, ही ‘एका जनुकाची’ उदाहरणं अजूनही शिकवली जातात. ती खरी नाहीत. एकसारख्या जुळ्यांमध्येही एकाला जीभ गुंडाळता येते आणि दुसऱ्याला नाही, हे १९५२ मध्येच दिसून आलं होतं. डोळ्यांच्या रंगात अनेक जनुकांचा हात असतो. निळ्या डोळ्यांच्या आई-वडिलांना तपकिरी डोळ्यांचं मूल होऊ शकतं. यावरून कोणाच्या पितृत्वावर शंका घेणं हा निव्वळ अन्याय आहे.

खरोखर एका अक्षरावर ठरणारा गुण हवा असेल तर कानातला मळ घ्या. तो ओलसर की कोरडा, हे एबीसीसी११ या जनुकातल्या एका अक्षराने ठरतं. उंचीचं याच्या अगदी उलट: २०२२ च्या अभ्यासात ५४ लाख लोकांची माहिती तपासून उंचीशी संबंधित १२,००० हून जास्त जागा सापडल्या. मधुमेह आणि रक्तदाबाचे नेहमीचे प्रकार उंचीसारखे आहेत. त्यांत कागदावर सरळ साचा शोधू नका. कुटुंबात जनुकांबरोबर राहणीमान आणि सवयीही वाटून घेतलेल्या असतात.

पायरी ५: चाचणी कोणती आणि आधी कोणाची

गुणसूत्रांची संख्या आणि ठळक रचना पाहायची असेल तर कॅरिओटाइप. एका आजाराचा संशय असेल तर त्या जनुकाची किंवा जनुकगटाची तपासणी. काहीच धागा सापडत नसेल तर एक्झोम, म्हणजे प्रथिनं घडवणारा भाग, किंवा पूर्ण जीनोम. घरबसल्या मिळणाऱ्या स्वस्त चाचण्या बहुधा आधी ठरवलेल्या काही लाख जागाच तपासतात, मधला मजकूर वाचतच नाहीत. त्यांच्या कच्च्या माहितीत दिसलेले बदल २०१८ च्या एका अभ्यासात प्रयोगशाळेत पुन्हा तपासले, तेव्हा ४० टक्के मुळात नव्हतेच. अशा माहितीवरून कोणताही निर्णय घेऊ नका, आधी वैद्यकीय प्रयोगशाळेत खात्री करून घ्या.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. चाचणी आधी आजारी व्यक्तीची करायची. वरच्या उदाहरणात आधी आत्याची. तिच्यात कुटुंबातला नेमका बदल सापडला की तुमच्यात फक्त तेवढीच जागा तपासायची, आणि तिथे तो नसेल तर ‘नाही’ म्हणजे खरोखर नाही. आत्याला वगळून थेट तुमची चाचणी केली आणि काही सापडलं नाही, तर कुटुंबातला बदल तुमच्यात आला नाही की चाचणीला तो दिसलाच नाही, हे सांगता येत नाही. मग तो अहवाल खोटा दिलासा देतो.

पायरी ६: अहवाल वाचताना

बदलांचे पाच वर्ग असतात: हानिकारक, बहुधा हानिकारक, अर्थ अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. ही वर्गवारी २०१५ पासून सर्वत्र रुळली आहे. ‘बहुधा’ म्हणजे ९० टक्क्यांहून जास्त खात्री. मधला वर्ग लोकांना सगळ्यात जास्त घाबरवतो, आणि नेमक्या त्याच वर्गावरून कुठलाही निर्णय घ्यायचा नसतो. अनिश्चित बदल सापडला म्हणून कोणी शस्त्रक्रियेला तयार होत असेल तर त्याला थांबवा.

इथे तो कागद पुन्हा कामाला येतो. समजा, आत्यात अनिश्चित बदल सापडला. तो कुटुंबातल्या दुसऱ्या आजारी नातेवाइकातही आहे का? वयोवृद्ध निरोगी नातेवाइकांत नाही ना? आजार आणि बदल पिढ्यान्‌पिढ्या बरोबरीने चालत असतील तर संशय बळावतो, एकमेकांना सोडून चालत असतील तर कमी होतो. वंशावळीशिवाय हे ताडून पाहताच येत नाही. जगातल्या संदर्भसंचांत युरोपीय वंशाच्या लोकांची माहिती फार जास्त आहे. त्यामुळे इतर समाजांतल्या लोकांच्या अहवालात ‘अनिश्चित’ हा शेरा अधिक वेळा येतो. ही उणीव तुमच्या शरीरातली नसून संशोधनातली आहे, आणि ती भरून काढणं तातडीचं आहे.

‘हानिकारक’ म्हणजेही आजार ठरलेला असं नाही. बीआरसीए१ मध्ये असा बदल असलेल्या स्त्रीला ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता सुमारे ७० टक्के असते. हा आकडा मोठा आहे, पण शंभर टक्के नाही. म्हणूनच लवकर एमआरआय तपासणी, औषधं किंवा शस्त्रक्रिया यांतून निवड करायला जागा उरते.

पायरी ७: याचा उपयोग काय

सगळ्यात रोजचा उपयोग औषधांमध्ये आहे. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलं जाणारं क्लोपिडोग्रेल शरीरात सीवायपी२सी१९ या विकराने (एन्झाइमने) सक्रिय व्हावं लागतं, आणि ते विकर बनवणारं जनुक मंद असलेल्यांमध्ये औषधाचा परिणाम कमी पडतो. एचएलए-बी जनुकाचा १५:०२ हा प्रकार असलेल्यांना कार्बामाझेपिन हे फिट्सवरचं औषध दिलं, तर त्वचा सोलवटून निघणारी जीवघेणी प्रतिक्रिया येऊ शकते. हा प्रकार आशियातल्या अनेक समाजांत जास्त आढळतो. कोणाला औषधाने असं काही झालं असेल तर वंशावळीत औषधाच्या नावासकट लिहा.

संशोधनाची जी वाट मला सगळ्यात आवडते, ती कुटुंबापासून सुरू होते. २००३ मध्ये फ्रान्समधल्या काही कुटुंबांत वंशपरंपरेने खूप वाढलेल्या कोलेस्टेरॉलचं कारण पीसीएसके९ या जनुकात सापडलं. मग उलट बाजूची माणसं मिळाली, जनुक जन्मतः बंद असलेली. त्यांचं कोलेस्टेरॉल कमी होतं, हृदयविकार विरळ होता आणि बाकी प्रकृती उत्तम होती. या जनुकातून बनणारं प्रथिन रोखणारी औषधं २०१५ मध्ये बाजारात आली. सिकल सेल आणि थॅलेसेमियासाठी क्रिस्पर या डीएनए नेमक्या जागी कापण्याच्या तंत्रावरचा पहिला उपचार ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर झाला. त्यात बिघडलेलं जनुक दुरुस्त करत नाहीत, तर जन्मानंतर बंद होणारं गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करतात.

पायरी ८: संमती, गुप्तता आणि नातेवाईक

तुमचा अहवाल एकट्या तुमचा कधीच नसतो. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातला अनेक दशकं न सापडलेला खुनी पकडला गेला, तो स्वतः दिलेल्या नमुन्यावरून नव्हे, तर दूरच्या नातेवाइकांनी वंशशोधाच्या संकेतस्थळावर टाकलेल्या डीएनएवरून. नमुना देण्याआधी चार गोष्टी वाचा: माहिती कोणाला दिली जाईल, संशोधनात वापरली जाईल का, नमुना नष्ट करून मिळेल का, आणि कंपनी विकली गेली तर काय. शेवटचा प्रश्न काल्पनिक नाही. दीड कोटी लोकांचे नमुने घेतलेली ट्वेंटीथ्रीअँडमी ही कंपनी मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली. विम्याबाबतचे नियम देशागणिक वेगळे आहेत. अमेरिकेच्या २००८ च्या कायद्यात आरोग्य विमा येतो, आयुर्विमा येत नाही. त्यामुळे आधी आपल्याकडचा नियम पाहून घ्या.

मोठेपणीच सुरू होणाऱ्या आणि बालपणी काही उपाय करता येत नाही अशा आजारासाठी लहान मुलांची चाचणी करू नये. तो निर्णय त्यांनी सज्ञान झाल्यावर घ्यायचा असतो. मोठ्यांनाही ‘मला जाणून घ्यायचं नाही’ म्हणायचा पूर्ण हक्क आहे.

हानिकारक बदल निघाला तर नातेवाइकांना एक छोटं पत्र लिहा: जनुकाचं नाव, बदल अहवालात लिहिलाय तसाच्या तसा, प्रयोगशाळा, तारीख, आणि समुपदेशकाला भेटण्याची सूचना. फोनवर सांगताना बदलाचं एखादं अक्षर चुकलं, तर त्यांची चाचणी भलत्याच जागी होईल. अनिश्चित बदल निघाला असेल तर दर दोन-तीन वर्षांनी प्रयोगशाळेला त्याचा नवा वर्ग विचारा आणि तेव्हा ताजी वंशावळही सोबत द्या. मधल्या काळात कोणाला काय झालं, कोण किती वर्षं निरोगी राहिलं, ते पेन्सिलने भरत राहा आणि प्रत्येक बदलाखाली तारीख टाका.